आयेल्ट्स रीडिंग : उत्तर उताऱ्यातच असतं, पण वेळेत सापडत नाही

पांझराकाठ (धुळे)

नमस्कार मंडळी. धुळ्यात एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. यूकेला जायचं ठरवलंय. तिथल्या नर्सिंग कौन्सिलला आयेल्ट्स ॲकॅडमिक या इंग्रजीच्या परीक्षेत रीडिंग, लिसनिंग, स्पीकिंग या तिन्हींत ७ आणि रायटिंगला ६.५ बँड (नऊपैकी गुण) लागतो. बाकी सगळं जुळत आलंय, रीडिंग मात्र ६ च्या वर सरकत नाही.

इंग्रजी समजत नाही असं नाही. सराव पेपर सोडवून झाल्यावर उत्तरं तपासते, तेव्हा प्रत्येक वाक्य कळतं. पण घड्याळ लावून बसलं की तेच वाक्य डोळ्यांखालून जातं आणि दिसत नाही. क्लासमध्ये सांगतात की प्रश्नातला कीवर्ड अधोरेखित करा आणि तो उताऱ्यात शोधा. मी शोधते, तर तो शब्द उताऱ्यात नसतोच! 'खालील माहिती कोणत्या परिच्छेदात आहे' या प्रकारात सगळ्यात जास्त वेळ जातो. तिसऱ्या उताऱ्याला पोचते तोवर दहा-बारा मिनिटं उरलेली असतात.

शिफ्ट ड्युटी असल्यामुळे नाशिक-पुण्याला राहून क्लास करणं शक्य नाही. आपल्या भागातून कोणी हे जमवलं असेल तर नेमकं काय केलं ते सांगा. 'भरपूर वाचन करा' हे ऐकून झालंय, तेवढं सोडून सांगा.

---

जंक्शनवाला (भुसावळ)

ताई, माझ्या मते आधी पूर्ण उतारा नीट वाचून घ्यावा, मग प्रश्न. उतारा समजला की उत्तर कुठे आहे ते आपोआप आठवतं. प्रश्न आधी वाचले की डोकं सैरभैर होतं.

---

वाघूर_ते_डब्लिन

जंक्शनवाला भाऊ, नम्रपणे असहमत. तीन उतारे मिळून साधारण २१५० ते २७५० शब्द असतात. वेळ ६० मिनिटं, प्रश्न ४०. सगळं नीट, समजून वाचत बसलं तर मराठी माध्यमातून आलेल्या माणसाची पंचवीस-तीस मिनिटं नुसत्या वाचनातच जातात, आणि प्रश्नाला उत्तर देताना ते वाक्य पुन्हा वाचावं लागतंच. लिसनिंगच्या कागदी परीक्षेत उत्तरं उतरवायला वेगळा वेळ देतात. रीडिंगला तसा वेगळा वेळ नसतो, म्हणजे उत्तरपत्रिका भरणंही याच साठ मिनिटांत.

मी जळगावला विद्यापीठात एमएस्सी केलं आणि आता बाहेर आहे. माझा अनुभव असा की आधी उतारा की आधी प्रश्न, या वादात सगळे अडकतात. खरा वेळ जातो तो शोधताना, चुकीच्या गोष्टीचा पाठलाग करण्यात.

---

जुना_मास्तर_अमळनेर

पांझराकाठ ताई, तुमच्या प्रश्नातच उत्तराचं निम्मं काम झालंय. 'तो शब्द उताऱ्यात नसतोच', हे तुम्ही बरोबर पकडलंत. तो नसावा अशीच प्रश्नपत्रिका काढलेली असते. ज्याला नुसता शब्द ओळखता येतो आणि ज्याला अर्थ कळतो, या दोघांना वेगळं करायचं असतं. म्हणून प्रश्नात 'पॉप्युलेशन डिक्लाइन्ड' असेल तर उताऱ्यात 'द नंबर्स हॅड फॉलन बाय हाफ' असं काहीतरी येतं. उलट प्रश्नातला शब्द जसाच्या तसा एखाद्या परिच्छेदात दिसला तर जास्त सावध व्हा. बऱ्याचदा तो गळाला लावलेला असतो आणि उत्तर दुसरीकडेच असतं.

मग शोधायचं काय? प्रश्न काढणाऱ्याला जे बदलता येत नाही, ते. माणसाचं नाव, गावाचं किंवा देशाचं नाव, संस्थेचं नाव, शास्त्रीय संज्ञा, साल, आकडा, मोजमाप. यांना दुसरा शब्दच नसतो किंवा असला तरी मोजकेच पर्याय असतात. शिवाय हे डोळ्याला वेगळे दिसतात, कारण नावाचं पहिलं अक्षर मोठं असतं, आकडा अक्षरांत उठून दिसतो, अवतरणचिन्ह आणि कंस लांबून कळतात. असा एक खुंटा प्रत्येक प्रश्नात शोधा. मिळाला की उताऱ्यावरून फक्त त्याच्यासाठी नजर फिरवा, बाकी काही वाचू नका. परिच्छेदाचा अर्थ लागतोय की नाही याची त्या क्षणी काळजी नको.

खुंटा सापडला की थांबा. आता उलट करायचं : सावकाश, शब्द न् शब्द वाचायचा. एक वाक्य वरचं, दोन वाक्यं खालची. हे मी आग्रहानं सांगतो, कारण उत्तर पुष्कळदा शेजारच्या वाक्यात असतं. खुंट्याच्या वाक्याच्या पुढे 'धिस', 'सच', 'दीज' यांनी सुरू होणारं वाक्य असेल तर ते मागच्या कशाबद्दल बोलतंय हे पाहिल्याशिवाय उत्तर लिहू नका. शोधताना वेग आणि सापडल्यावर संथपणा, हे दोन वेग वेगळे ठेवता आले की बँड हलतो. आमच्याकडची बहुतेक मुलं साठही मिनिटं मधल्याच एका वेगानं वाचतात. त्या वेगात शोधणंही होत नाही आणि समजणंही होत नाही.

एक इशारा. आकड्याचंही सोंग बदलू शकतं. प्रश्नात १८४५ असेल तर उताऱ्यात 'द एटीन फॉर्टीज' किंवा 'मिड नाइन्टीन्थ सेंच्युरी' असू शकतं. सत्तर टक्के असेल तर 'सेव्हन इन टेन'. म्हणून साल शोधताना आकड्याबरोबर 'सेंच्युरी', 'डिकेड' हे शब्दही नजरेत ठेवा.

परिच्छेदांच्या प्रश्नाबद्दल रात्री लिहितो. ते थोडं मोठं आहे.

---

साक्रीना_बाप

मास्तर, राम राम. मना पोऱ्याले बी हाऊच तरास शे. तो कॅनडाले जाई ऱ्हायना, त्यानी जनरल ट्रेनिंग लिधी शे. त्याले बी हाईच पद्धत चालंल का?

---

वाघूर_ते_डब्लिन

काका, चालेल, फक्त उतारे वेगळे असतात. जनरलमध्ये (स्थलांतर-नोकरीसाठीचा आयेल्ट्सचा प्रकार) सुरुवातीला जाहिराती, सूचनापत्रकं, नोकरीच्या ठिकाणचे नियम असे छोटे मजकूर येतात आणि शेवटी एक मोठा उतारा. नेमकी माहिती शोधण्याचं काम तिथे उलट जास्तच आहे, कारण पाच-सहा जाहिरातींतून 'कोणत्या ठिकाणी लहान मुलांना सवलत आहे' असं शोधायचं असतं.

पण एक गोष्ट त्याला नक्की सांगा. जनरलचं गणित कडक आहे. ॲकॅडमिकला साधारण ३० उत्तरं बरोबर आली की ७ बँड, जनरलला त्याच ७ साठी साधारण ३४ लागतात. पेपरागणिक एखाद्या गुणाचा फरक पडतो. कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्री या स्थलांतराच्या योजनेत सीएलबी ९ (तिथल्या भाषेच्या मोजपट्टीवरची नववी पातळी) हवं असेल तर रीडिंगला ७ लागतो. म्हणजे ४० पैकी पाच-सहाच चुका परवडतात. जाहिरातींचे सोपे प्रश्न घाईत घालवणं त्याला महाग पडेल.

---

जुना_मास्तर_अमळनेर

साक्रीचे भाऊ, वाघूर यांनी सांगितलं ते बरोबर.

आता 'कोणत्या परिच्छेदात' हा प्रकार. ताईंचा वेळ इथे जातो आणि बहुतेकांचा इथेच जातो. कारण सरळ आहे : बाकीच्या बऱ्याच प्रकारांना क्रम असतो, याला नसतो. ट्रू-फॉल्स-नॉट गिव्हन (विधान उताऱ्याप्रमाणे खरं, खोटं की त्याबद्दल माहितीच नाही), वाक्यं पूर्ण करा, थोडक्यात उत्तर द्या, यांची उत्तरं उताऱ्याच्या क्रमानं येतात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच्या आधी सापडतं. 'कोणत्या परिच्छेदात' मध्ये पहिल्या प्रश्नाचं उत्तर शेवटच्या परिच्छेदात असू शकतं. शिवाय सूचनेत तसं म्हटलं असेल तर एकाच परिच्छेदात दोन उत्तरं असतात आणि एखाद्या परिच्छेदात एकही नसतं.

आणि हा प्रकार छापलेला असतो बऱ्याचदा सगळ्यात आधी! म्हणून मुलं तिथूनच सुरुवात करतात, म्हणजे उताऱ्याची काहीही ओळख नसताना सगळ्यात अवघड शोध. त्याला मागे टाका. आधी क्रमानं येणारे प्रश्न सोडवा. ते सोडवताना तुम्ही उताऱ्याच्या बऱ्याच भागातून जाता, कोणता परिच्छेद कशाबद्दल आहे हे डोक्यात बसतं. मग परत या, तेव्हा सहा-सात परिच्छेदांऐवजी दोन-तीनच धुंडाळायचे उरतात. प्रश्न कुठल्याही क्रमानं सोडवायला बंदी नाही. प्रत्येकाला एकच गुण आहे.

दुसरं, या प्रश्नांत खुंटा नसतो. 'अ रीझन व्हाय अ मेथड वॉज अबॅन्डन्ड', 'ॲन एक्झाम्पल ऑफ', 'अ कम्पॅरिझन बिट्वीन', 'अ डिस्क्रिप्शन ऑफ' अशी सुरुवात असते. लोक पुढचा विषय पाहतात आणि सुरुवात सोडून देतात. सुरुवातच महत्त्वाची आहे. विषय कदाचित चार परिच्छेदांत असेल, पण त्या विषयाचं *कारण* एकाच ठिकाणी दिलेलं असतं. कारण विचारलं असेल तर 'बिकॉज', 'ड्यू टू', 'लेड टू', 'ॲज अ रिझल्ट' यांच्या आसपास पाहा. तुलना असेल तर 'दॅन', 'अनलाइक', 'व्हेअरॅज'. उदाहरण असेल तर 'सच ॲज', 'फॉर इन्स्टन्स', किंवा एखादं विशेषनाम अचानक आलेलं.

आपल्याकडे सातबारा वाचणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. शेत कोणाच्या नावावर आहे हे विचारलं की तो नमुना सातकडे पाहतो, पीक कोणतं विचारलं की बाराकडे. अख्खा उतारा कोणी वाचत नाही. काय प्रकारची गोष्ट विचारली आहे त्यावरून ती कुठे असेल हे ठरतं, आणि इंग्रजी उताऱ्यातही तसंच ठरवायचं आहे.

---

पांझराकाठ (धुळे)

सर, खूप आभार. क्रम असतो हे ऐकून होते, पण त्याचा शोधायला उपयोग कसा करायचा हे कोणी सांगितलं नव्हतं. आज ड्युटीवरून आल्यावर एक उतारा तसा केला. परिच्छेदांचे प्रश्न शेवटी ठेवले तेव्हा खरंच पटकन सापडले.

पण नॉट गिव्हन? तिथे तर शोधायला काही नसतंच. मी उतारा तीन-तीनदा वाचते, कारण वाटतं की माझ्याच नजरेतून सुटलंय.

---

जुना_मास्तर_अमळनेर

तिथेच क्रम कामाला येतो. समजा, पाचव्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला तिसऱ्या परिच्छेदात मिळालं आणि सातव्याचं पाचव्या परिच्छेदात. मग सहाव्याचं उत्तर या दोन जागांच्या मध्येच असणार. पहिला, दुसरा, सहावा परिच्छेद बघायचं कारणच नाही. मधला पट्टा एकदा नीट वाचायचा. तिथे विषयाचा उल्लेख आहे, पण विधानात जे म्हटलंय त्याबद्दल होकारही नाही आणि नकारही नाही, तर नॉट गिव्हन लिहायचं आणि पुढे जायचं. अडलेला प्रश्न सोडून आधी त्याच्या पुढचा सोडवा म्हणतात ते यासाठीच. पुढचा सापडला की मागच्याला दोन्ही बाजूंनी कुंपण पडतं.

फॉल्स लिहायचं तर उताऱ्यात उलट म्हटलेलं असायला हवं. आणि 'ऑल', 'मोस्ट', 'ओन्ली', 'ऑलवेज', 'द फर्स्ट' हे छोटे शब्द विधानात असतील तर त्यांच्यावर बोट ठेवूनच वाचा. उताऱ्यात 'मेनी' आणि विधानात 'ऑल' एवढ्या फरकावर गुण जातो.

चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही जागा रिकामी ठेवू नका. एका प्रश्नावर दीड मिनिटाहून जास्त वेळ गेला की अंदाज लिहून पुढे सरका. तुम्हाला ३० हवेत, ४० नाहीत. दहा प्रश्न हातचे सोडायची मुभा आहे, ते कोणते हे तुम्ही ठरवायचं. घड्याळाला ठरवू देऊ नका.

---

केळीबाग_रावेर

मुलगी बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती हा धागा वाचतेय, तिच्या वतीनं विचारतो. घरात आम्ही लेवा बोली बोलतो, शाळा मराठी माध्यमाची. ती म्हणते, प्रत्येक वाक्याचं मनात मराठी केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. त्यात वेळ जातो. ही सवय मोडायची कशी?

---

वाघूर_ते_डब्लिन

काका, मीही मराठी माध्यमाचाच. ती सवय पूर्ण मोडायची गरज नाही असं माझं मत. फक्त शोधताना ती बंद ठेवायची. नाव, साल, आकडा शोधायला भाषांतर लागत नाही. सापडलेल्या दोन-तीन वाक्यांचं मनात मराठी केलं तर बिघडत नाही, उलट ट्रू-फॉल्समध्ये अर्थ पक्का होतो. भाषांतर पूर्ण उताऱ्याचं होतंय का फक्त त्या वाक्यांचं, एवढंच बघायचं.

आणखी एक, संगणकावर परीक्षा देणाऱ्यांसाठी. पडद्याच्या डाव्या बाजूला उतारा आणि उजव्या बाजूला प्रश्न असतात. उताऱ्यातला मजकूर निवडून रंगवता येतो. लोक उत्साहात वाक्यंच्या वाक्यं रंगवतात आणि शेवटी सगळंच पिवळं होतं. फक्त नावं आणि सालं रंगवा. वर-खाली सरकवताना जागा हरवते, तेव्हा तेच ठिपके उपयोगी पडतात. ज्यांना कागदावर पेन्सिलनं करायची सवय आहे त्यांनी परीक्षेच्या काही आठवडे आधी सराव पडद्यावर हलवावा, नजर वेगळी चालते.

---

जुना_मास्तर_अमळनेर

वाघूर यांच्याशी पूर्ण सहमत. आणि रावेरच्या मुलीसाठी एक व्यायाम, जो मी कित्येक मुलांकडून करून घेतलाय : सराव पेपर घ्या, पण उत्तर लिहूच नका. प्रत्येक प्रश्नासमोर फक्त परिच्छेद आणि ओळ लिहा. उत्तर 'कुठे आहे' एवढंच. मग उत्तरतालिकेशी नाही, उताऱ्याशी ताडून पाहा. जागा बरोबर आणि उत्तर चुकलं, तर अडचण समजण्यात आहे. जागाच चुकली, तर अडचण शोधण्यात. या दोन दुखण्यांना औषध वेगळं लागतं आणि बहुतेकांना आपलं दुखणं कोणतं हेच माहीत नसतं. ताईंचं शोधण्याचं आहे, हे त्यांच्या पहिल्याच लिखाणावरून कळत होतं.

शोधण्याची कला इंग्रजीवर अवलंबून नाही हे पटावं म्हणून एक छोटा उतारा मराठीतच देतो. विषय खान्देशाच्या जिव्हाळ्याचा. चार मिनिटं लावा.

अ. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिका आणि युरोपच्या बाजारात जाणारी केळी प्रामुख्यानं ग्रोस मिशेल या जातीची होती. साल जाड असल्यानं अख्खे घड बोटीत रचून नेले तरी फळाला फारशी इजा होत नसे.

ब. याच जातीवर पनामा रोग आला. मातीत राहणारी फ्युजेरियम ही बुरशी मुळांतून शिरते, झाडातला पाण्याचा मार्ग बंद करते आणि पानं पिवळी पडून झाड मरतं. ती जमिनीत कित्येक दशकं टिकते आणि औषध मारून काढता येत नाही. मळेवाल्या कंपन्या जुने मळे सोडून नवी जमीन तोडत राहिल्या.

क. १९६० च्या दशकापर्यंत निर्यातीचा व्यापार कॅव्हेंडिश गटाकडे वळला, कारण त्या वेळच्या बुरशीला हा गट दाद देत नव्हता. १८३० च्या दशकात इंग्लंडमध्ये चॅट्सवर्थ इथल्या काचघरात ही केळ वाढवली गेली होती आणि त्या सरदार घराण्याचं आडनाव तिला मिळालं. मात्र तिची साल नाजूक. घड तसेच पाठवले की फळ काळं पडे, त्यामुळे फण्या कापून खोक्यांत भरण्याची रीत आली.

ड. खाण्याच्या केळीत बी धरत नाही. झाडाच्या बुडाशी फुटणारे मुनवे काढून नवी लागवड होते, म्हणून एका जातीची सगळी झाडं जवळपास एकसारखी असतात. एकाला लागलेला रोग सगळ्यांना लागू शकतो. बुरशीचा टीआर४ हा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो. २०१९ मध्ये तो कोलंबियात सापडला, तेव्हा तिथल्या सरकारनं आणीबाणी जाहीर केली.

प्रश्न :
१. कोणत्या परिच्छेदात : माल पाठवण्याची पद्धत बदलण्यामागचं कारण.
२. ट्रू, फॉल्स की नॉट गिव्हन : रासायनिक उपायांनी पनामा रोग आटोक्यात आला.
३. ट्रू, फॉल्स की नॉट गिव्हन : ग्रोस मिशेल चवीला कॅव्हेंडिशपेक्षा गोड होती.
४. उताऱ्यातले जास्तीत जास्त दोन शब्द वापरून : एका जातीची झाडं एकसारखी असतात, कारण त्यांची लागवड ______ पासून होते.

---

पांझराकाठ (धुळे)

माझी उत्तरं : १ क, २ फॉल्स, ३ फॉल्स, ४ मुनवे. पहिला प्रश्न शेवटी सोडवला, सर.

---

साक्रीना_बाप

पोऱ्याना उत्तर : १ अ, २ फॉल्स, ३ नॉट गिव्हन, ४ मुनवे.

---

केळीबाग_रावेर

मुलीची उत्तरं : १ क, २ फॉल्स, ३ ट्रू, ४ टिश्यू कल्चर. तिसऱ्याबद्दल ती म्हणते की जुनी जात जास्त गोड होती असं तिनं वाचलंय. आणि मास्तर, आमच्याकडे आता बहुतेक लागवड टिश्यू कल्चरचीच (प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांची) असते, मुनवे कोणी फारसं लावत नाही.

---

जुना_मास्तर_अमळनेर

तिघांचे आभार. तीन उत्तरपत्रिकांत तीन वेगळ्या चुका आल्या आणि तिन्ही परीक्षेत रोज होणाऱ्या आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

साक्रीच्या मुलानं पहिल्याला 'अ' लिहिलं. बोट, घड, साल, सगळं अ मध्ये दिसतं, त्यामुळे नजर तिथे थांबली. पण अ मध्ये माल *कसा जात होता* हे आहे. विचारलंय *बदलण्याचं कारण*. बदल आणि कारण दोन्ही क मध्ये आहेत, 'त्यामुळे' या शब्दाजवळ. विषयामागे गेला, सुरुवातीचा शब्द सोडला. त्याला सांगा, प्रश्नाच्या पहिल्या दोन-तीन शब्दांभोवती गोल करायची सवय लाव.

दुसरा प्रश्न सगळ्यांचा बरोबर. 'रासायनिक' हा शब्द उताऱ्यात कुठेच नाही, तरी 'औषध मारून काढता येत नाही' हे तुम्हाला सापडलं. मराठीत हे तुम्ही सहज केलंत. इंग्रजीत करायचं ते हेच.

पांझराकाठ ताई, तिसऱ्याला तुम्ही फॉल्स लिहिलंत कारण उताऱ्यात तसं म्हटलेलं सापडलं नाही. न सापडणं म्हणजे फॉल्स नव्हे. दुसऱ्याचं उत्तर ब मध्ये आहे, चौथ्याचं ड मध्ये. म्हणजे तिसऱ्यासाठी ब चा शेवट, पूर्ण क आणि ड ची सुरुवात एवढाच पट्टा. त्यात साल आहे, रोग आहे, व्यापार आहे, चवीबद्दल अवाक्षर नाही. म्हणून नॉट गिव्हन. 'ग्रोस मिशेल कमी गोड होती' किंवा 'दोन्हींची चव सारखीच' असं कुठे असतं तर फॉल्स.

आणि रावेरच्या लेकीचं मला विशेष वाटतं. केळीबद्दल ती आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त जाणते, म्हणूनच तिचे दोन गुण गेले. टिश्यू कल्चरबद्दल ती म्हणते ते रावेर-यावलच्या शेतात खरं आहे. पण उताऱ्यात तो शब्द नाही, आणि सूचना आहे की शब्द उताऱ्यातलेच घ्यायचे. नर्सिंगच्या मुलींचं आरोग्याच्या उताऱ्यात हेच होतं : रोगाची, औषधाची माहिती डोक्यात तयार असते आणि हात ती लिहून मोकळा होतो. ओळखीचा विषय आला की प्रत्येक उत्तरासाठी उताऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवायचं. बोट ठेवायला ओळ नसेल तर ते उत्तर आपलं आहे, उताऱ्याचं नाही.

---

केळीबाग_रावेर

पटलं मास्तर. तिनं वहीत लिहून घेतलं. शेवटची शंका : शब्द बरोबर सापडला, पण लिहिताना स्पेलिंग चुकलं तर?

---

जुना_मास्तर_अमळनेर

गुण मिळत नाही. ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही स्पेलिंगं चालतात, पण चुकीचं चालत नाही. शब्दमर्यादेचंही तसंच. दोन शब्द सांगितले आणि तीन लिहिले, तर उत्तर योग्य असूनही गुण जातो. शब्द उताऱ्यात समोरच छापलेला असतो, तेव्हा आठवून लिहू नका, अक्षर न् अक्षर पाहून उतरवा. अनेकवचनाचा शेवटचा 'एस' आहे की नाही तेही पाहा. पुढचा उतारा इंग्रजीत देतो, रविवारी संध्याकाळपर्यंत इथेच टाकेन. पांझराकाठ ताई, त्या आठवड्यात तुमची रात्रपाळी असेल तर आधी सांगा, उत्तरं सोमवारनंतर उघडू.